अर्धवट अपडेटनंतर न उठणारा दूरचा लिनक्स सर्व्हर परत कसा उभा करावा

रात्री साडेअकराला सुरू केलेले अपडेट अर्ध्यावर असताना आमच्या भागातली वीज गेली, राउटर बंद पडला आणि टर्मिनलवरची शेवटची ओळ जिथे होती तिथेच थांबली. सर्व्हर जर्मनीतल्या एका डेटा सेंटरमध्ये होता आणि मी सांगलीत. वीज आल्यावर पुन्हा लॉगिन केले तेव्हा वेबसाइट उघडत होती, डेटाबेस उत्तर देत होता, म्हणून सगळे ठीक आहे असे धरून मी रीबूट दिला. त्यानंतर तो सर्व्हर पहाटे चारपर्यंत उठला नाही. त्यावर एका पतसंस्थेचे रोजचे व्यवहार चालत होते आणि सकाळी दहाला शाखा उघडणार होत्या. त्या रात्री मी ज्या क्रमाने चाचपडलो तो क्रम इथे देत नाही. ज्या क्रमाने जायला हवे होते आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ज्या क्रमाने गेलो, तो देत आहे.

उबंटू किंवा डेबियनचा सर्व्हर गृहीत धरला आहे. रेड हॅटच्या घराण्यात काय वेगळे पडते ते शेवटाकडे सांगितले आहे. कमांड आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच लिहावीत.

रीबूट करण्यापूर्वी

अपडेट बिघडले म्हणजे सर्व्हर बिघडला असे नसते. डिस्कवरच्या फाइली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या झालेल्या असतात. पण चालू असलेला कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि चालू असलेल्या सेवा आधीच मेमरीत चढलेल्या असतात आणि त्या जुन्याच आवृत्तीवर निर्धास्त चाललेल्या असतात. खरी परीक्षा रीबूटच्या वेळी होते. म्हणून जोवर तुमचे एक जरी एसएसएच सेशन (दूरच्या यंत्रावरचे सुरक्षित लॉगिन) उघडे आहे, तोवर ते बंद करू नये आणि रीबूटचा विचारही करू नये. हाती असलेले ते सेशन इतके मोलाचे असते की त्याच्यातच सगळे प्रयोग करण्याऐवजी दुसरे सेशन उघडून पाहावे. ते उघडले तर नवे लॉगिन अजून चालते आहे एवढे तरी कळते.

सर्वांत आधी पाहायचे ते हे की अपडेटची प्रक्रिया अजून मागे चालू आहे का. ‘पीएस’च्या, म्हणजे चालू प्रक्रियांच्या, यादीत ॲप्ट किंवा डीपीकेजी (पॅकेजे बसवणारी साधने) दिसत असेल तर थांबावे. लॉक फाइल उडवून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ती फाइल म्हणजे अडथळा नव्हे. एकाच वेळी दोघांनी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू नये म्हणून ती ठेवलेली असते, आणि प्रक्रिया मेलेली असेल तर तिचा लॉक कर्नल आपोआप सोडून देतो. फाइल हाताने पुसण्याची वेळ जवळजवळ कधीच येत नाही.

मग ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’ या डिरेक्टरीतील ‘हिस्टरी.लॉग’ आणि ‘टर्म.लॉग’ वाचावेत. पहिल्यात कोणती पॅकेजे कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर जाणार होती ते मिळते, दुसऱ्यात पडद्यावर उमटलेला मजकूर जसाच्या तसा असतो. ‘/व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग’च्या शेवटच्या ओळींमध्ये एखाद्या पॅकेजापुढे ‘हाफ-इन्स्टॉल्ड’ किंवा ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ असे दिसले की गाडी नेमकी कुठे अडली ते समजते. ‘डीपीकेजी --ऑडिट’ ही कमांड अशा अर्धवट पॅकेजांची यादी करून देते.

दुरुस्तीच्या कमांड दोनच आहेत. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ उघडून ठेवलेली पण मांडणी न झालेली सर्व पॅकेजे पुढे नेते; त्यानंतर ‘ॲप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’ राहिलेली अवलंबित पॅकेजे आणून पूर्ण करते. मात्र त्यांच्याआधी ‘डीएफ -एच’ लावून डिस्कवरची जागा पाहिलीच पाहिजे, कारण माझ्या अनुभवात अर्धवट अपडेटचे पहिल्या क्रमांकाचे कारण ‘/बूट’ हे छोटे पार्टिशन भरणे हेच आहे. माझ्या त्या सर्व्हरवर ते ५१२ मेगाबाइटचे होते आणि त्यात चार जुने कर्नल साचले होते. नव्या कर्नलसाठी इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) तयार करायला जागाच उरली नव्हती. वीज गेली नसती तरी तो घोळ झालाच असता. वीज गेल्यामुळे तो संदेश मला दिसला नाही, इतकेच.

अशा वेळी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालत नाही, कारण आधीची पॅकेजे अर्धवट असल्याने ॲप्ट पुढे सरकायलाच तयार नसतो. मग ‘यूनेम -आर’ लावून सध्या चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती पाहावी, तिची फाइल सोडून सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी ‘/रूट’मध्ये हलवावी, पुसू नये. तेवढी जागा मोकळी झाली की ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ पूर्ण होते आणि मग जुने कर्नल रीतसर ‘पर्ज’ करता येतात.

रीबूटपूर्वीची शेवटची पाहणी मी आता कधीच टाळत नाही. ‘/बूट’मध्ये प्रत्येक ‘व्हीएमलिनझ’ (म्हणजे कर्नलच्या) फाइलीला तिच्याच आवृत्तीची ‘इनिटआरडी’ आहे का आणि नव्या इनिटआरडीचा आकार जुन्याच्या आसपास आहे का, हे पाहावे. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने ती उघडते का पाहावे. ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) तपासावा, ‘एसएसएचडी -टी’ने एसएसएचची मांडणी तपासावी. ही पाच मिनिटांची पाहणी माझे त्या रात्रीचे साडेतीन तास वाचवू शकली असती.

सर्व्हर उठलाच नाही तर

येथे घाईने पुन्हा पुन्हा रीसेट दाबण्याचा मोह होतो. पहिल्यांदा बाहेरूनच अंदाज घ्यावा. पिंगला उत्तर येते आणि एसएसएच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणते, तर कर्नल आणि नेटवर्क दोन्ही उभे आहेत, फक्त एसएसएचची सेवा पडली आहे. काहीच उत्तर येत नसेल, तर एक तर यंत्र बूट झालेले नाही किंवा ते झाले आहे पण नेटवर्कवर आलेले नाही. या दोहोंतला फरक बाहेरून कळत नाही. त्यासाठी कन्सोलच, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पडदा आणि कळफलक, लागते.

भाड्याच्या भौतिक सर्व्हरवर ती आयपीएमआय, आयड्रॅक, आयएलओ किंवा मागणीवरून जोडून मिळणाऱ्या केव्हीएमच्या रूपाने असते. व्हर्च्युअल सर्व्हरवर ग्राहकाच्या पॅनेलमध्येच व्हीएनसी कन्सोलचे बटण असते. ती उघडल्यावर रीसेट करण्याआधी पडद्यावर जे गोठलेले आहे ते वाचावे आणि त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण रीसेटनंतर तो पुरावा गेला. माझ्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक ओळ होती: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. या शून्य-शून्यचा अर्थ असा की कर्नल चढला, पण रूटची डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर ज्या इनिटआरडीत असतात ती त्याला मिळालीच नाही. डेटा शाबूत होता, डिस्क शाबूत होती. हे त्या क्षणी माहीत असते तर माझे हात थरथरले नसते.

या दुखण्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुना कर्नल. रीसेट देऊन ग्रबचा (कर्नल निवडून चढवणाऱ्या बूटलोडरचा) मेनू आणावा. जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरल्याने आणि यूईएफआयवर एस्केप दाबल्याने तो येतो. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीची आवृत्ती निवडली आणि सर्व्हर उठला, तर वर सांगितलेली दुरुस्ती एसएसएचमधूनच निवांत करता येते. कन्सोलला कळफलकाचा दाब उशिरा पोचतो, त्यामुळे मेनू पकडायला दोन-तीन प्रयत्न लागू शकतात.

दुसरे नेहमीचे चित्र म्हणजे ‘इमर्जन्सी मोड’. एफएसटॅबमधली एखादी डिस्क सापडली नाही की सिस्टिमडी (बूटच्या वेळी सर्व सेवा सुरू करणारा प्रोग्राम) तिथे थांबतो आणि रूटचा पासवर्ड मागतो. रूटचे खाते कुलूपबंद असेल तर तिथून पुढे जाता येईलच असे नाही. अशा वेळी पुढचा मार्ग घ्यावा. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडावे, बूट झाल्यावर रूट लिहिण्यायोग्य करण्यासाठी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्यावे आणि एफएसटॅबमधील त्या ओळीला ‘नोफेल’ हा शब्द जोडावा. ज्या डिस्कवाचून यंत्र उठू शकते अशा प्रत्येक डिस्कच्या ओळीत तो आधीपासूनच असायला हवा.

तिसरे चित्र नुसत्या ‘ग्रब रेस्क्यू’ या प्रॉम्प्टचे. २९ जुलै २०२० रोजी ग्रबमधील ‘बूटहोल’ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि तिच्या दुरुस्तीसोबत रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स व सेंटओएसच्या ७ आणि ८ या आवृत्त्यांवरील अनेक यंत्रे बूट होईनाशी झाली. डेबियन-उबंटूच्या यंत्रांवर त्याच सुमारास ‘सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ हा संदेश दिसू लागला. त्याचे कारण वेगळे होते: ग्रबचे मॉड्यूल ‘/बूट’मध्ये नवे आले, पण डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला ग्रबचा गाभा जुनाच राहिला, कारण तो कोणत्या डिस्कवर लिहायचा याची नोंद चुकीची होती. असे झाले की पुढे सांगितलेल्या रेस्क्यू सिस्टिममधून योग्य डिस्कवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ करावे आणि ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून ती नोंदही सुधारावी, नाहीतर पुढच्या अपडेटला हेच पुन्हा घडेल.

कधी यंत्र पूर्ण बूट होते आणि तरीही हाताला लागत नाही. ८ मार्च २०२३ रोजी डेटाडॉग या कंपनीच्या हजारो यंत्रांवर सिस्टिमडीचे सुरक्षा अपडेट आपोआप बसले, नेटवर्क सांभाळणारी सेवा त्यामुळे पुन्हा सुरू झाली आणि कंटेनरांच्या नेटवर्कसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरने मांडलेले राउट तिने पुसून टाकले. कन्सोलमधून ‘आयपी ॲड्रेस’ आणि ‘आयपी राउट’ पाहिले की असा प्रकार लगेच दिसतो. इंटरफेसचे नाव बदलले असेल आणि नेटप्लॅनच्या (उबंटूवरील नेटवर्क मांडणीच्या) फाइलीत जुनेच असेल, तर तेही इथेच ध्यानात येते.

रेस्क्यू सिस्टिममधून दुरुस्ती

जुना कर्नलही उठत नसेल किंवा ग्रबचा मेनूच हाती लागत नसेल, तर सेवादात्याच्या पॅनेलमधून रेस्क्यू मोड सुरू करावा. यात यंत्र नेटवर्कवरून एका छोट्या लिनक्समध्ये, पूर्णपणे मेमरीत, बूट होते आणि तुमच्या डिस्क न उघडता तशाच पडून राहतात. क्लाउडवर हा मार्ग नसेल तर यंत्र थांबवून त्याची रूट डिस्क सोडवावी आणि दुसऱ्या चालू यंत्राला जोडावी. पुढचे काम तेच. रेस्क्यूची होस्ट-की वेगळी असल्याने एसएसएच मोठ्या अक्षरांत इशारा देते. तो इथे अपेक्षित आहे. तरी रेस्क्यूच्या कीचा ठसा पॅनेलवर दिलेला असेल तर तो जुळवून पाहावा.

‘एलएसबीएलके -एफ’ लावून कोणते पार्टिशन कशाचे ते कागदावर लिहून घ्यावे. सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची सोय) असेल तर ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये ती जोडली गेली आहे का पाहावे, नसल्यास ‘एमडीॲडम --असेंबल --स्कॅन’ द्यावे. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी सोय) असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’. मग ‘एफएससीके -एन’ने, म्हणजे काहीही न बदलता, फाइल सिस्टिमची तपासणी करावी. त्यानंतर रूट पार्टिशन ‘/एमएनटी’वर फक्त वाचण्यापुरते माउंट करावे, म्हणजे जोडावे, आणि पहिले काम म्हणून ‘/ईटीसी’, डेटाबेसची डिरेक्टरी आणि ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर ‘आरसिंक’ने काढून घ्यावी. डेटाबेस बंद असताना काढलेली ही प्रत सुसंगत असते. बॅकअप आहे म्हणून ही पायरी गाळू नये. बॅकअप कालचा असतो आणि डिस्कवरचा डेटा आजचा.

प्रत सुखरूप झाल्यावर पार्टिशन लिहिण्यायोग्य करून ‘/बूट’ आणि, यूईएफआय असल्यास, ‘/बूट/ईएफआय’ हीसुद्धा त्यांच्या जागी माउंट करावीत. ही पायरी विसरणारे मी अनेक पाहिले आहेत आणि त्या रात्री मीही विसरलो. ‘/बूट’ माउंट केलेले नसले तरी रूट पार्टिशनवर त्याच नावाची रिकामी डिरेक्टरी असतेच. त्यामुळे सगळ्या कमांड यशस्वी होतात, नवी इनिटआरडी त्या रिकाम्या डिरेक्टरीत लिहिली जाते, आणि रीबूटनंतर खऱ्या पार्टिशनखाली ती झाकली जाऊन पडद्यावर पुन्हा तोच ‘अननोन-ब्लॉक’ येतो. माझा एक तास यातच गेला.

यानंतर ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ या चौघांना ‘माउंट --आरबाइंड’ने ‘/एमएनटी’च्या खाली जोडावे आणि प्रत्येकाला ‘--मेक-आरस्लेव्ह’ लावावे; असे न केल्यास शेवटी माउंट सोडवताना रेस्क्यूच्या स्वतःच्या ‘/डेव्ह’लाही धक्का बसू शकतो. मग ‘सीएचरूट /एमएनटी’. आता तुम्ही स्वतःच्या सर्व्हरच्या आत आहात, फक्त कर्नल पाहुणा आहे.

आत गेल्यावर दोन गोष्टी लगेच अडतात. डीएनएस चालत नाही, कारण उबंटूवर ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही ‘/रन’मधल्या अशा फाइलीकडे दाखवणारी लिंक असते जी रेस्क्यूत बहुधा नसते. लिंकचे नाव बदलून बाजूला ठेवावी, तात्पुरती फाइल लिहावी आणि निघताना लिंक परत जागेवर आणावी. दुसरे असे की पॅकेजांची मांडणी होताना त्यांच्या स्क्रिप्ट सेवा सुरू करू पाहतात आणि ते इथे नको असते. ‘/यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी’ या नावाची, ‘१०१’ हा कोड देऊन बाहेर पडणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली की त्या गप्प बसतात. तीही निघताना काढायची आहे. राहून गेली तर पुढच्या अपडेटांमध्ये सेवा का सुरू होत नाहीत हे शोधत बसावे लागते.

पुढचा क्रम ओळखीचा आहे: जागा मोकळी करणे, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, ‘ॲप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. इनिटआरडी बनवणाऱ्या कमांडचा प्रत्येक शब्द वाचावा. जागेची तक्रार तिथेच उमटते. पॅकेजांची नोंदवही, म्हणजे ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’, खराब झाली असेल तर शेजारची ‘स्टेटस-ओल्ड’ किंवा ‘/व्हार/बॅकअप्स’मधील प्रत वापरता येते. एखाद्या पॅकेजची नवी आवृत्तीच सदोष असेल, तर ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ने जुनी आवृत्ती उपलब्ध आहे का पाहावे, पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह देऊन ती बसवावी आणि ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने रोखून धरावी. डेटाबेसच्या बाबतीत मात्र असे मागे जाणे मी करत नाही, कारण नव्या आवृत्तीने फाइलींचे स्वरूप बदलले असेल तर जुनीला त्या वाचता येत नाहीत.

काम झाले की ‘एक्झिट’, मग ‘यूमाउंट -आर /एमएनटी’ (इथला आर मोठ्या लिपीतला), पॅनेलमधून रेस्क्यू बंद, आणि रीसेट देताना कन्सोल उघडी. माझ्या वेळी चार वाजायला काही मिनिटे असताना लॉगिनची ओळ उमटली.

रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर हाच मार्ग लागू पडतो. तिथे ‘डीएनएफ हिस्टरी’ प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देते आणि ‘डीएनएफ हिस्टरी अंडू’ तो व्यवहार उलटवू पाहते. इनिटआरडीसाठी ‘ड्रॅकट’ वापरावे लागते. सीएचरूटमध्ये पासवर्ड किंवा इतर फाइली बदलल्या असतील तर ‘/.ऑटोरीलेबल’ ही रिकामी फाइल ठेवावी, नाहीतर एसईलिनक्सची (फाइलींच्या परवानग्यांवरील जादा पहाऱ्याची) लेबले चुकून बूट झालेल्या यंत्रावर लॉगिनच होत नाही. ही फाइल असली की पहिला बूट बराच लांबतो. त्या वेळी मध्येच रीसेट करू नये.

पुढच्या अपडेटपूर्वीची तयारी

दूरच्या यंत्रावरचे अपडेट नेहमी ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’च्या (कनेक्शन तुटले तरी सर्व्हरवर चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) आत चालवावे, म्हणजे घरची वीज गेली तरी तिकडचे काम थांबत नाही. उबंटूची ‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही कमांड स्वतःच स्क्रीन वापरते आणि एसएसएचवरून चालवली तर १०२२ या पोर्टवर जादा एसएसएच उघडण्याची सोय देते. ते पोर्ट फायरवॉलमध्ये आधीच मोकळे ठेवावे लागते. नेटवर्कची मांडणी बदलताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावे, जे १२० सेकंदांत होकार न मिळाल्यास बदल मागे घेते.

नव्या कर्नलची चाचणी एका बूटपुरती घेण्याचीही सोय आहे. ग्रबच्या मांडणीत ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ ठेवून जुना कर्नल मुख्य म्हणून नोंदवावा, कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=३०’ घालावे आणि नवा कर्नल ‘ग्रब-रीबूट’ने फक्त पुढच्या वेळेपुरता निवडावा. तो कोसळला तर तीस सेकंदांनी यंत्र आपोआप रीबूट होऊन जुन्यावर परत येते. मात्र ‘/बूट’ एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल तर ग्रबला आपली नोंद तिथे पुसता येत नाही आणि तो त्याच सदोष कर्नलवर फिरत राहतो. म्हणून आधी ‘/बूट’ कशावर आहे ते पाहावे.

आणि दुरुस्ती झाल्यावर ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ रिकामे आले, ‘जर्नलसीटीएल -बी -पी एरर’मध्ये नवे काही नाही याची खात्री झाली, की त्याच आठवड्यात दिवसाउजेडी, वापरकर्त्यांना कळवून, कन्सोल उघडी ठेवून एक रीबूट मुद्दाम द्यावा. त्या पतसंस्थेच्या सर्व्हरला मी तो रविवारी सकाळी नऊला दिला आणि तो दोन मिनिटांत उठला.